ज्यांच्यावरून लेखणी उचलली गेली

२१ मार्च हा दिवस डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०११ मध्ये तसा ठराव केला आणि २०१२ पासून तो अधिकृतपणे साजरा होऊ लागला. तारखेमागे एक हिशेब आहे. मानवी पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. या व्यक्तींच्या पेशींत एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रे असतात. एकविसावे गुणसूत्र तीनदा, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख. त्या दिवशी अशा व्यक्तींच्या कर्तृत्वाच्या कथा सांगितल्या जातात. कोणी पोहण्यात पदक मिळवले, कोणी पदवी घेतली, कोणी उपाहारगृह काढले.

या गौरवाला माझा विरोध नाही. उलट आपल्या मशिदींतून, मदरशांतून आणि मुहल्ल्यांतून असा गौरव कधी होत नाही, याची मला खंत आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि श्रद्धावंताने तो टाळू नये. आपण या व्यक्तींचा मान राखतो तो त्यांनी काही करून दाखवले म्हणून, की अल्लाहने त्यांना मानव म्हणून निर्माण केले म्हणून? दुसरे खरे असेल, तर ज्याने जगाला दिसेल असे काहीच केलेले नाही, त्याच्या वाट्याला आपल्याकडून काय येते?

मला हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नाही. तो बिद्रीत पडला. कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, कागल तालुक्यातील हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्याच्या कडेने लागते आणि मळीचा वास घराघरांत शिरतो. माझी धाकटी बहीण तेथे राहते. तिचा थोरला मुलगा, माझा भाचा, आज बावीस वर्षांचा आहे आणि त्याला डाऊन सिंड्रोम आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही. त्याला विचारल्याशिवाय ते छापणे योग्य नव्हे. आणि विचारले तर तो हो म्हणेल, कारण तो मला कशालाच नाही म्हणत नाही. अशा होकाराचा फायदा घेणे मला बरे वाटत नाही.

तो जन्मला तेव्हा दवाखान्यातून निदान येण्याआधीच घरात तीन निकाल लागले होते. एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितले की गरोदरपणी ग्रहण पाळले गेले नाही. दुसऱ्यांचे मत पडले की नात्यात लग्न केल्याचे हे फळ आहे. तिसरा निकाल सर्वांत कठोर होता आणि तो कुजबुजत दिला गेला. आईबापांचे काहीतरी पाप असावे! माझी बहीण बाळंतपणाच्या खाटेवर पडून हे तिन्ही ऐकत होती.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे साधे आहे. शंभरातील सुमारे पंचाण्णव उदाहरणांत स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होताना एकविसाव्या गुणसूत्राची जोडी विलग होत नाही, आणि हे कोणाच्याही बाबतीत घडू शकते. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते, तरीही तरुण मातांची बाळंतपणे संख्येने जास्त असल्यामुळे अशी बहुसंख्य बालके तरुण मातांच्याच पोटी जन्मतात. नात्यातील विवाहांमुळे काही आनुवंशिक व्याधींचा धोका वाढतो हे खरे, पण गुणसूत्रांच्या जोडीची ही गोष्ट त्यांतली नाही. राहिले ग्रहण. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम ज्या दिवशी वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की प्रेषितांच्या दुःखात आकाशही काळवंडले. दुसरा कोणी नेता असता तर त्या समजुतीने सुखावला असता. प्रेषितांनी मात्र लोकांना तेथल्या तेथे सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. प्रेषितांच्या पुत्राच्या मृत्यूशी ज्या ग्रहणाचा संबंध नव्हता, त्याचा बिद्रीतल्या एका बाळाच्या जन्माशी कोठून येणार? आणि पापाबद्दल बोलायचे, तर कोणाचे ओझे कोणावर टाकले जात नाही, हे दिव्य कुरआनने एकदा नव्हे, अनेकदा बजावले आहे. आपल्याकडे ही आयत पाठ असलेले लोक पुष्कळ आहेत. त्या दिवशी त्यांतले एकही त्या खोलीत बोलले नाही. मीही तेथे होतो.

उच्च-नीचतेचा हा रोग अडाण्यांनाच जडतो असे मात्र कोणी समजू नये. १८६६ साली जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज वैद्याने या लक्षणांचे पहिले नीट वर्णन केले. त्याच्या हाताखाली मतिमंद मानल्या गेलेल्यांचे मोठे आश्रयस्थान होते आणि तेथे तो दयाळूपणे वागे. परंतु त्याने वर्गीकरण केले ते वंशांच्या उतरंडीवर. या मुलांचे डोळे पाहून त्याने त्यांना मंगोल वंशाचे नाव दिले, जणू एखाद्या वंशात जन्मणे हीच एक व्याधी असावी. पुढे त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या नातवात, हीच लक्षणे प्रकट झाली. १९५९ मध्ये पॅरिस येथे मार्थ गोतिए, जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा गुणसूत्राचा शोध प्रसिद्ध केला, तरी जुने नाव सुटले नाही. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत घेतली तेव्हा ते अधिकृत वापरातून गेले. मानवाला जमाती व वंश दिले गेले ते ओळख पटावी म्हणून, आणि अल्लाहपाशी प्रतिष्ठेचे माप केवळ ईशपरायणता आहे, हे सूरह हुजुरातमध्ये चौदा शतकांपूर्वी सांगून झाले होते.

त्या उतरंडीचे परिणाम केवळ नावापुरते नव्हते. शंभर वर्षांपूर्वी पाश्चात्त्य देशांत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान दहा वर्षांच्या आतबाहेर होते. आज तेथे ते सुमारे साठ वर्षे आहे. गुणसूत्रे तीच आहेत. मग बदलले काय? यांतील जवळजवळ निम्म्या बालकांच्या हृदयात जन्मतः दोष असतो; त्यावर शस्त्रक्रिया होऊ लागली. जंतुसंसर्गावर औषधे आली. थायरॉईडची तपासणी वेळेवर होऊ लागली. आणि मुले मोठ्या आश्रयस्थानांत टाकून न देता घरी वाढू लागली, शाळेत जाऊ लागली. ज्या अल्पायुष्याला आपण नशीब म्हणत होतो, त्यातला मोठा भाग आपला हलगर्जीपणा होता. माझ्या मते या साऱ्या विषयात नैतिकदृष्ट्या सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

म्हणून कर्तृत्वाच्या कथा सांगितल्या पाहिजेत. त्या आपल्या जुन्या निकालांविरुद्धची साक्ष आहेत. पुण्याची गौरी गाडगीळ पोहू लागली, स्पर्धांत उतरली, आंतरराष्ट्रीय पातळीपर्यंत गेली. तिच्या आयुष्यावर २०१४ मध्ये 'यलो' हा मराठी चित्रपट आला, त्यात मोठ्या वयातील गौरीची भूमिका तिने स्वतः केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला. नवी मुंबईत बेलापूरला अदिती वर्मा स्वतःच्या नावाचे छोटे उपाहारगृह चालवते. स्पेनमध्ये पाब्लो पिनेदा यांनी विद्यापीठाची पदवी घेतली. त्याच देशात २०२३ साली मार गाल्सेरान वलेन्सियाच्या प्रादेशिक विधिमंडळात सदस्य झाल्या. अमेरिकेत ख्रिस निकिक या तरुणाने नोव्हेंबर २०२० मध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२ किलोमीटर धावणे ही आयर्नमॅन शर्यत एका दिवसात पुरी केली. वेळेची मर्यादा सतरा तासांची, त्याला लागले सोळा तास शेहेचाळीस मिनिटे. मी वयाच्या पन्नाशीत बिद्रीच्या बसस्टॉपपासून बहिणीच्या घरापर्यंत चालताना एकदा थांबतो, म्हणून हा आकडा मला विशेष वाटतो.

परंतु या कथा माझ्या बहिणीला सांगितल्या तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "भाई, माझा मुलगा पोहणार नाही. त्याला पाण्याची भीती वाटते. मग त्याचं काय सांगायचं?"

तिच्या या साध्या वाक्यात माझा सारा उत्साह अडकला. पदक मिळवणाऱ्यामुळे समाजाची नजर वर उठते. पण तीच नजर मग न मिळवणाऱ्याकडे वळते आणि विचारते, तू का नाही? पूर्वी या मुलांना सर्वसामान्य मुलांशी तोलून हलके ठरवले जाई. आता एखाद्या गौरीशी तोलून हलके ठरवायचे काय? तराजू तोच राहिला, फक्त वजन बदलले. आणि या तराजूत खरे तर आपण सगळेच कधी ना कधी हलके ठरणार आहोत. म्हातारपण येते, स्मृती जाते, दिव्य कुरआनच्या शब्दांत सांगायचे तर जाणल्यानंतर काहीच न जाणण्याच्या अवस्थेला माणूस पोहोचतो. कर्तृत्वावरच मान अवलंबून असेल, तर त्या दिवशी आमच्यापाशी काय उरेल?

इस्लाम कर्तृत्व नाकारत नाही, पण त्याचे माप वेगळे सांगतो. मानवाला तेच मिळते ज्यासाठी तो झटतो, असे सूरह नज्ममध्ये म्हटले आहे. तेथे शब्द झटण्याचा आहे, पोहोचण्याचा नाही. आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये हे माप फार स्पष्ट झाले आहे. जो कुरआनच्या पठणात निष्णात आहे तो थोर फरिश्त्यांच्या सोबत असेल, आणि जो अडखळत, कष्टाने पठण करतो त्याला दुप्पट मोबदला आहे. आपले हाफिज साहेब हे प्रवचनात सांगतात तेव्हा आपण लहान मुलांकडे पाहून हसतो. मला मात्र माझा भाचा दिसतो.

सूरह इखलास चार छोट्या आयतींची आहे. सर्वसाधारण मूल ती एका आठवड्यात शिकते. माझ्या भाच्याला दोन वर्षे लागली. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, जीभ तोंडाच्या मानाने मोठी भासते, त्यामुळे उच्चार स्पष्ट येत नाहीत. ऐकलेल्या गोष्टीपेक्षा पाहिलेली गोष्ट अधिक लक्षात राहते. हे बहिणीला कोणी शिकवले नव्हते, तिने स्वतःच शोधून काढले. ती प्रत्येक आयतीला हाताची एक खूण करी. भाकऱ्या थापताना एक आयत, संध्याकाळी भांडी घासताना दुसरी. तिसऱ्या आयतीवर तो सहा महिने अडला. ज्या दिवशी चारही आयती सलग आल्या, त्या दिवशी त्याने गल्लीतल्या प्रत्येक दारात उभे राहून त्या म्हणून दाखवल्या. शेजारच्या पाटील काकूंनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आयर्नमॅनच्या शर्यतीत आणि या दोन वर्षांत अल्लाहपाशी कोणते मोठे, हे मी सांगू शकत नाही. पण आपल्यापाशी दुसऱ्याची नोंद कोठेच नाही, एवढे मला दिसते.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास बसलो तिच्याकडे येतो, आणि ती माझ्याच चुकीची आहे.

अबू दाऊद, तिर्मिजी आदी संग्रहांत एक हदीस आहे. तीन जणांवरून लेखणी उचलली गेली आहे. झोपलेल्यावरून तो जागा होईपर्यंत, बालकावरून ते वयात येईपर्यंत, आणि बुद्धी नसलेल्यावरून ती येईपर्यंत. लेखणी म्हणजे कर्मांची नोंद करणारी लेखणी. ही अल्लाहची फार मोठी कृपा आहे. ज्याला समजण्याची शक्ती दिली नाही त्याच्याकडून हिशेब मागितला जाणार नाही. फिकहच्या विद्वानांनी यात आणखी बारकावा केला. बुद्धी पूर्ण हरपलेला मजनून आणि बुद्धी कमी असलेला, पण बरे-वाईट काही अंशी ओळखणारा मअतूह, असा भेद हनफी ग्रंथकारांनी मानला आणि मअतूहला समजू लागलेल्या बालकाचे नियम लावले. म्हणजे उपासना त्याच्यावर बंधनकारक नाही, पण त्याने केली तर ती ग्राह्य आहे. त्याने कोणाला काही देऊन टाकले तर ते रद्द. पण त्याला कोणी भेट दिली आणि त्याने ती घेतली, तर ती त्याचीच. एवढ्या जुन्या काळात 'समजते' आणि 'समजत नाही' या दोहोंमध्ये एक पायरी पाहणारी ही नजर विलक्षण आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुसंख्य व्यक्तींची बौद्धिक अडचण सौम्य ते मध्यम असते. त्या याच पायरीवर उभ्या असतात.

भाचा सतरा-अठरा वर्षांचा असताना त्याला मशिदीचा ध्यास लागला. गाव कोणते आणि मशीद कोणती, हे सांगण्याची गरज नाही. अशा मशिदी सगळीकडे आहेत. तो अजानच्या आधी जाऊन बसे, वजूखान्यातले नळ बंद करी, पादत्राणे जोडीने लावी, आणि जमात उभी राहिली की पहिल्या रांगेत इमामांच्या बरोबर मागे उभा राही. नमाजमध्ये तो कधी उशिरा वाकत असे, कधी आमीन मोठ्याने आणि एकटाच म्हणत असे. एका शुक्रवारी एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्याच्या दंडाला धरून त्याला मागे, पादत्राणांपाशी नेऊन उभे केले. त्याने प्रतिकार केला नाही. तो तेथे एकटा उभा राहिला. नमाज संपल्यावर ते गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, याच्यावर नमाज फर्ज नाही. कशाला आणता?" ते वाईट मनुष्य नव्हते. आणि मी काय केले? मी मान डोलावली. घरी येऊन बहिणीला समजावले की शरीअतने त्याला सूट दिली आहे, तर तू त्याला घरीच ठेव, लोकांच्या नमाजमध्ये व्यत्यय येतो.

तिने मला उलट उत्तर दिले नाही. पुढच्या शुक्रवारी भाचा कपडे घालून, टोपी घालून दारात बसून राहिला. अजान झाली, नमाज झाली, लोक परतले. तो संध्याकाळपर्यंत टोपी काढेना.

सूट कोणाला होती? त्याला. लेखणी त्याच्यावरून उचलली गेली होती, माझ्यावरून नव्हे. त्याच्या जबाबदारीतील सवलत मी माझ्या जबाबदारीतील सवलत करून टाकली. त्याने यावे हे त्याच्यावर बंधनकारक नव्हते; पण तो आला असता त्याला जागा देणे हे आमच्यावर नव्हते काय? हनफी ग्रंथांत मुलांची रांग प्रौढांच्या मागे सांगितली आहे हे खरे. पण मूल एकटेच असेल तर त्याला मागे एकटे सोडू नये, मोठ्यांच्याच रांगेत घ्यावे, हेही तेथेच लिहिले आहे. आम्ही नियमाचे अर्धे वाक्य वाचले होते.

मदीनेतील एक प्रसंग हजरत अनस (रजि.) यांनी सांगितला आहे आणि तो सहीह मुस्लिममध्ये आला आहे. एक स्त्री होती, तिच्या बुद्धीत काही उणीव होती. ती प्रेषितांकडे आली आणि म्हणाली की मला तुमच्याकडे काम आहे. राज्याचे कारभार, युद्धे, शिष्टमंडळे, वह्य, या सर्वांचा भार ज्यांच्यावर होता त्या प्रेषितांनी तिला आदराने, अमक्याची आई म्हणून संबोधले आणि सांगितले की तुला हवी ती गल्ली निवड, मी तेथे येऊन तुझे काम ऐकतो. मग ते तिच्यासोबत रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत. काम काय होते ते हदीसमध्ये आलेले नाही. कदाचित सांगण्यासारखे ते नसेलही. तिच्यावर लेखणी होती की नव्हती, हा प्रश्न तेथे निघालाच नाही. जागाही तिनेच निवडायची होती.

आणि जाहिर नावाचे ते वाळवंटातले सहाबी. दिसायला ते देखणे नव्हते. बाजारात आपला माल विकत उभे असताना प्रेषितांनी मागून येऊन त्यांना मिठी मारली आणि थट्टेने, या गुलामाला कोण विकत घेईल, असे पुकारले. जाहिर म्हणाले की मला विकाल तर फार कमी किंमत येईल. त्यावर प्रेषितांनी सांगितले की अल्लाहपाशी तुझी किंमत कमी नाही. ही हकिकत मी कितीतरी वेळा वर्गात मुलांना सांगितली आहे. ती भर बाजारात घडली, जेथे प्रत्येक वस्तूला भाव असतो, हे मात्र मला उशिरा कळले. सूरह अबसाची सुरुवातही येथे आठवते. कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतलेल्या प्रेषितांपाशी एक अंध साधक आले, प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली, आणि त्या आठीची दखल आकाशातून घेतली गेली. ते अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) पुढे मदीनेत अजान देत असत. अंधाला ती आठी दिसलीही नसेल. माझ्या भाच्याला मात्र आमची आठी दिसली होती.

मशिदीइतकाच दुसरा कस घराच्या वाटणीत लागतो, आणि तेथे बोलायला कोणाला आवडत नाही. चार वर्षांपूर्वी माझे मेहुणे वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. घर, एक किराणा दुकान आणि बँकेतली थोडी रक्कम. हिशेब सोपा होता. मिळकतीचे चाळीस भाग केले तर पत्नीला पाच, प्रत्येक मुलाला चौदा, मुलीला सात. बैठक बसली तेव्हा नातलगांपैकी एकाने चौदा-चौदाऐवजी धाकट्यालाच अठ्ठावीस लिहावेत असे सुचवले. थोरल्याला काय करायचे आहेत? धाकटाच त्याला आयुष्यभर सांभाळणार, दोन घास त्याला कोठेही मिळतील. सगळ्यांच्या माना हलल्या. मशिदीत मान हलवून मी एकदा पाहिले होते, म्हणून या वेळी हलवली नाही. बोलावलेल्या मौलानांनी मग शांतपणे सांगितले की वारसा अल्लाहने ठरवला आहे, त्यात बुद्धीची अट कोठेही घातलेली नाही. जाणत्याचा आणि नेणत्याचा हिस्सा एकच आहे. ज्यांना व्यवहार कळत नाही त्यांच्या हाती संपत्ती सोपवू नका, हे सूरह निसामध्ये आहेच. पण तेथेच सांगितले आहे की त्यातून त्यांना खाऊ घाला, वस्त्र द्या आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला. सांभाळणाऱ्याने मालक व्हायचे नाही. खाऊ-पिऊ घालूनही गोड बोलण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागली, यावरून माणसाची जात किती ओळखली गेली आहे ते कळते.

भाच्याच्या नावे चौदा भाग लागले. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने आईवडीलही त्याचे आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळ कुटुंबांना माहीत नसते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते, आणि पालकाला मिळकतीचा हिशेब द्यावा लागतो. याच न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च मिळतो. जुम्माच्या खुतब्याआधीच्या पाच मिनिटांत कोणी एवढे सांगितले तरी अनेक घरांचे काम होईल.

आपल्या जिल्ह्याला याची परंपरा नाही असे नाही. कोल्हापुरात शेंडा पार्क येथे चेतना अपंगमती विकास संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते. आणि आपल्याच समाजातील नसीमा हुरजूक यांनी तरुण वयात कमरेखालची शक्ती गमावल्यानंतर चाकाच्या खुर्चीत बसून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. त्यांचा लढा शारीरिक अपंगांसाठी होता, आणि तो बोलू शकणाऱ्यांचा लढा होता. ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही किंवा ज्यांचे बोलणे आपल्याला कळत नाही, त्यांच्यासाठी आपल्या मकतबांत अजून एक चटईदेखील वेगळी अंथरलेली नाही. चार आयतींना दोन वर्षे देणारा शिक्षक आपण अजून तयार केलेला नाही. ते काम आया करत आहेत, भाकरी थापता थापता.

प्रेषितांनी हजरत साद (रजि.) यांना सांगितले होते की तुम्हांला मदत आणि उपजीविका मिळते ती तुमच्यातील दुर्बलांमुळेच. साद शूर होते, धनुर्धर होते, आणि आपण इतरांहून वरचढ आहोत असे त्यांना वाटू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. आपण या हदीसचा अर्थ असा घेतो की दुर्बलांना दान द्यावे म्हणजे बरकत होते. शब्द मात्र उलट दिशेचे आहेत. देणारे ते आहेत, घेणारे आपण.

त्या शुक्रवारनंतर काही महिन्यांनी मी भाच्याला स्वतः मशिदीत घेऊन गेलो. त्या ज्येष्ठ गृहस्थांशी आधी बोललो होतो. मला वाटले होते त्याहून ते बोलणे लवकर संपले. त्यांनी एवढेच विचारले, की मग त्याच्या शेजारी कोण उभे राहील? मी राहीन म्हटले. हल्ली ते स्वतःच राहतात. भाचा आमीन अजून मोठ्यानेच म्हणतो.

या हिवाळ्यात मी बिद्रीला होतो. हंगाम चालू होता, रात्रभर ट्रॉल्यांचा आवाज. फज्रनंतर घरी येऊन मी ओट्यावर बसून नेहमीच्या सवयीने भराभर पठण करीत होतो. भाचा समोर येऊन बसला, थोडा वेळ ऐकत राहिला, आणि मग त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मामू," तो म्हणाला, "हळू."